दगडी आच्छादनाची सेवा: रापा नुईचे तंत्र आटपाडीच्या माळावर

आटपाडी आणि माण या दोन तालुक्यांच्या शिवेवर असलेल्या एका रोपवाटिकेने फळझाडांभोवती दगडांचे आच्छादन घालून देण्याची आणि परसबागेसाठी गोल दगडी गडगे रचून देण्याची सेवा सुरू केली आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ही दोन्ही कामे आमच्या डाळिंबाच्या बागेत आणि घरामागच्या परसात करून घेतली. काम सफाईदार आहे, कारागीर कसलेले आहेत आणि ज्या तंत्राचा आधार घेतला आहे ते शतकानुशतके शेतात टिकलेले तंत्र आहे. मात्र रोपवाटिका आपल्या माहितीपत्रकात या तंत्राची जी कारणे देते त्यांतली निम्मीच आपल्या जमिनीला लागू पडतात आणि उरलेल्या निम्म्या कारणांपायी गिऱ्हाईकाचा खर्च विनाकारण वाढतो. सेवा घेण्याच्या विचारात असलेल्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा, यासाठी हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे.

माहितीपत्रकात ज्या बेटाचा दाखला दिला आहे ते रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेट. चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आणि सर्वांत जवळच्या वस्तीपासून, म्हणजे पिटकेर्न बेटापासून, सुमारे दोन हजार किलोमीटर दूर असलेले हे ज्वालामुखीचे बेट जेमतेम १६४ चौरस किलोमीटरचे आहे. पॉलिनेशियन दर्यावर्दी तेथे साधारण इसवी सन १२००च्या सुमारास पोहोचले. त्यांनी सोबत नेलेली किंवा तेथे रुजवलेली पिके वाचून आपल्याकडच्या कोणालाही परके वाटणार नाही: रताळे, अळू, कोनफळाच्या जातीचे कंद, केळी, ऊस, दुधी भोपळा, आणि सांगलीकरांना विशेष वाटावे अशी हळद, जिचा उपयोग ते मुख्यतः रंगासाठी करीत. यांपैकी रताळे हे त्यांचे मुख्य अन्न होते. बेटावर वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो, जो आपल्या पाचशेच्या आतबाहेरच्या पावसापुढे भरपूर वाटेल. परंतु सच्छिद्र ज्वालामुखी जमिनीतून तो झरझर खाली निघून जातो, बारमाही वाहणारा एकही ओढा बेटावर नाही, पावसाचा भरवसा नाही आणि समुद्रावरून येणारा खारा वारा अडवायला, ताडाच्या जातीची मूळची झाडी नष्ट होत गेल्यावर, फारसे काही उरले नव्हते. पाणी पडते पण हाती राहत नाही आणि जे राहते ते वारा पळवतो, ही अडचण माणदेशाला नवी नाही.

या अडचणीवर तेथील शेतकऱ्यांनी दगडाचा उपाय शोधला. पुरातत्त्वज्ञांनी त्याचे अनेक प्रकार नोंदवले आहेत. कोठे जमिनीवर मुठीएवढ्या दगडांचा पातळ थर पसरलेला आढळतो, कोठे तेच दगड मातीत वीतभर खोलवर मिसळलेले असतात, कोठे मोठे धोंडे एकमेकांशेजारी मांडून त्यांच्या फटींतून कंद लावलेले असतात, तर कोठे दगडांमध्ये लागवडीसाठी खड्डे ठेवलेले असतात. क्रिस्टोफर स्टीव्हन्सन, थेग्न लेडफोगेड आणि जोन वोझ्नियाक यांच्यासारख्या संशोधकांनी या शेतांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. दगडांमुळे जमिनीचे बाष्पीभवन कमी होते, दिवसाचा ताप आणि रात्रीचा गारवा यांतला फरक मुळांपर्यंत पोहोचता पोहोचता सौम्य होतो, पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही, वाऱ्याने माती उडत नाही आणि तणही कमी उगवते. युरोपीय प्रवाशांच्याही हे ध्यानात आले होते. १७८६ साली ला पेरूझच्या फ्रेंच सफरीने बेटाला भेट दिली, तेव्हा चालताना पायांत येणारे हे दगडच जमिनीतला ओलावा राखतात आणि झाडांच्या सावलीची उणीव काही अंशी भरून काढतात, अशी नोंद त्या वृत्तांतात झाली.

आता आमच्या बागेतले काम. रोपवाटिकेच्या माणसांनी प्रत्येक डाळिंबाभोवती सुमारे मीटरभर त्रिज्येचे वर्तुळ आखले, तण काढले, आळ्यातली माती हलवून घेतली आणि वर साधारण चार इंच जाडीचा थर दिला. खोडाजवळ वीतभर जागा मोकळी ठेवण्याचा आग्रह त्यांनी स्वतःहून धरला, हे मला विशेष आवडले. डाळिंबाच्या खोडाला दगड भिडवून ठेवले तर तेथे ओल साचून राहते आणि मर रोगाला आयते निमंत्रण मिळते. सुरुवातीला ते एकेरी थर घालणार होते. रापा नुईवर उन्हाळ्यातही तापमान बहुतेक वेळा तिशीच्या आतच राहते, तेथे एकेरी थर पुरत असेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा काळा दगड भाजून निघतो आणि ती धग खालच्या मातीत उतरते. म्हणून खाली लहान आणि वर मोठे, असा दुहेरी थर आम्ही मागितला व त्यांनी तो कुरकुर न करता घातला.

परिणाम पाहायचा असेल तर भर दुपारी वरचा दगड बाजूला करावा. वरची बाजू हाताला चटका देते. त्याच्या खालच्या दगडाच्या पोटाला मात्र ओलसर काळी माती चिकटलेली असते, आणि तो दुसरा दगड उचलला की मातीच्या अगदी पृष्ठभागावर पांढऱ्या, केसासारख्या बारीक मुळांचे जाळे दिसते. उघड्या आळ्यात ही मुळे वरच्या थरात टिकतच नाहीत, कारण पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेथे पापुद्रा धरतो आणि भेगा पडतात. आच्छादनाखालच्या झाडांना आम्ही ठिबकच्या दोन पाळ्यांमधले अंतर वाढवू शकलो आणि तरीही दुपारची पाने मलूल पडली नाहीत. प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपरही ओल राखतो, परंतु एक-दोन हंगामांत तो फाटतो, त्याच्या चिंध्या बांधाबांधाला अडकतात आणि पावसाचे पाणीही त्यातून खाली जात नाही. दगड पावसाला वाट देतो आणि बाष्पाला अडवतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

ठिबकच्या बाबतीत मात्र कामात उणीव राहिली. कारागिरांनी लॅटरल नळ्या दगडांखाली गाडून टाकल्या. आपल्या भागातले विहिरीचे आणि बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि ड्रिपर चोंदणे ही नित्याची बाब आहे. दगडाखालचा ड्रिपर बंद पडला तर झाड सुकू लागेपर्यंत कळत नाही. नळी वर उचलून घ्यायला सांगितल्यावर त्यांनी ती घेतली, पण हे सांगावे लागू नये.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. रोपवाटिकेचे दोन दर आहेत: दगड तुमचा असेल तर केवळ मजुरी, आणि दगड त्यांचा असेल तर ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, हिशेबाने माल, वाहतूक व मजुरी. आमच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या वेचून टाकलेल्या दगडांच्या राशी आहेत, तशा त्या या भागात बहुतेकांच्या बांधावर असतात. तरीही रोपवाटिकेचा आग्रह क्रशरवरून आणलेल्या ताज्या खडीचा होता. कारण असे सांगितले गेले की रापा नुईच्या शेतकऱ्यांनी ताजे फोडलेले दगड वापरले, त्या फुटलेल्या अंगातून खनिजे मातीत उतरली आणि जमीन सुपीक झाली, तर बांधावरचा जुना दगड ‘मेलेला’ असतो.

रापा नुईपुरती ही मांडणी निराधार नाही. त्या बेटावरची जमीन, विशेषतः तेरेवाका या सर्वोच्च ज्वालामुखीच्या वरच्या उतारांवरची, पावसाने क्षार धुऊन नेल्यामुळे आम्लधर्मी आणि निकस झालेली होती. अशा जमिनीत ताज्या फुटलेल्या बेसाल्टमधून फॉस्फरस, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅश हळूहळू सुटत राहिले तर पिकाला त्याचा आधार मिळणे शक्य आहे, आणि संशोधकांनी तसे मांडलेही आहे. रानो राराकू या मोआई नावाच्या भव्य दगडी पुतळ्यांच्या खाणीत तर याहून लक्षणीय गोष्ट आढळली. जवळपास सगळे पुतळे जिथल्या खडकातून कोरले गेले त्या खाणीतल्या मातीचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तीत कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण भरपूर निघाले आणि केळी, अळू व रताळे यांचे सूक्ष्म अवशेषही सापडले. म्हणजे पुतळे घडवण्याची जागा हीच उत्तम शेतीचीही जागा होती. पुतळे कोरताना पडणारा मऊ चुरा आणि पाणी यांच्या संयोगाने तेथे माती सकस होत गेली.

परंतु तो खडक म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला, मऊ, लवकर झिजणारा थर होता. आपला दख्खनचा काळा फत्तर तसा नाही. त्याची खडी आपल्या हयातीत झिजून मातीत मिसळेल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पट्ट्यातली माती मुळातच याच फत्तराची बनलेली आहे. पाऊस कमी असल्यामुळे तिच्यातले क्षार धुऊन गेलेले नाहीत. उलट ती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. माती परीक्षणाचा अहवाल हाती घेतला तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅश यांची ददात बहुधा दिसत नाही. दिसते ती सेंद्रिय कर्बाची, नत्राची, आणि जस्त व लोह यांच्या उपलब्धतेची कमतरता. दगडातून नत्र मिळत नाही आणि सेंद्रिय कर्बही मिळत नाही. तेव्हा ज्या औषधाने तेथील जमिनीचा आजार काही अंशी बरा झाला, तो आजारच आपल्या जमिनीला नाही. ओल धरण्याच्या कामात बांधावरचा जुना दगड आणि क्रशरची खडी यांत काडीचाही फरक पडत नाही. किंबहुना वरच्या थरासाठी बांधावरचा मोठा दगडच अधिक चांगला, कारण तो खडीसारखा पायाखाली सरकत नाही.

हा वाद खर्चाच्या दृष्टीने किती मोठा आहे ते सोप्या हिशेबाने कळेल. मीटरभर त्रिज्येच्या आळ्यावर दहा सेंटिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे अकरा घनफूट दगड लागतो, म्हणजे एका ब्रासमध्ये नऊ झाडे होतात. एकरभर बागेत तीनशे झाडे धरली तर तेहतीस-चौतीस ब्रास माल ओतावा लागेल. ज्याच्या बांधावर दगड पडून आहे त्याने एवढी खडी विकत घेऊन ट्रॅक्टरच्या खेपा मोजत बसण्याचे कारण नाही. आम्ही आमचाच दगड वापरला आणि शेणखत मात्र थराखाली भरपूर घातले. हे दुसरे काम रोपवाटिकेच्या सेवेत समाविष्ट नाही. ते असायला हवे, कारण एकदा दगड बसले की खत घालण्यासाठी ते पुन्हा हलवणे फार जिकिरीचे होते.

माहितीपत्रकातली आणखी एक गोष्ट दुरुस्त व्हायला हवी. त्यात म्हटले आहे की या तंत्राने बेटाचा मोठा भाग व्यापला होता, त्यावर सतरा हजार लोक पोसले गेले आणि पुढे अतिशेतीने ती संस्कृती नष्ट झाली. सतरा हजारांच्या आसपासचा अंदाज अभ्यासकांनी पूर्वी मांडला होता हे खरे. परंतु २०२४ साली डिलन डेव्हिस, रॉबर्ट डिनापोली, कार्ल लायपो आणि टेरी हंट यांच्या गटाने आधी प्रत्यक्ष बेटावर फिरून दगडी शेते ओळखली, मग ओलावा आणि खनिजे यांतला फरक टिपणाऱ्या अवरक्त उपग्रहचित्रांवर संगणकाला ती ओळखायला शिकवले आणि संपूर्ण बेट तपासले. तेव्हा दगडी शेतीचे क्षेत्र केवळ ०.७६ चौरस किलोमीटर, म्हणजे १८८ एकरांच्या आसपास भरले. आधीचे अंदाज याच्या कित्येक पट होते, कारण नैसर्गिक खडकाळ जमीन आणि रस्ते यांसारख्या गोष्टीही शेतांत मोजल्या जात होत्या. या क्षेत्रावरची रताळी आणि जोडीला मासे, केळी, अळू, ऊस धरून सुमारे तीन हजार लोकांचा निर्वाह होऊ शकला असता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी बेटावरील पंधरा प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही सतराव्या शतकातल्या लोकसंख्येच्या कोसळण्याचा मागमूस आढळला नाही. लोकसंख्येवर खरा घाला पडला तो १८६२ पासून पेरूहून आलेल्या गुलाम पकडणाऱ्यांच्या धाडींमुळे आणि त्यांच्यामागून आलेल्या रोगांमुळे; १८७७ साली बेटावर केवळ १११ माणसे उरली होती. पुढे चिलीच्या ताब्यात गेल्यावर बेटाचा बहुतांश भाग १९५३ पर्यंत मेंढ्यांच्या कुरणासाठी वापरला गेला आणि रहिवाशांना एका गावात कोंडले गेले. त्यांचे वंशज आजही तेथे राहतात आणि त्यांच्यापैकी काही जण आजही दगडांत रताळी व अळू लावतात. ज्यांच्या शेतीच्या ज्ञानावर आपण सेवा विकतो त्यांना आपल्याच पत्रकात नष्ट झालेले आणि नाशाला स्वतःच जबाबदार ठरवणे योग्य नाही, आणि मला हे मनापासून खटकले.

१८८ एकर हा आकडा गिऱ्हाईकासाठीही मोलाचा आहे. संपूर्ण बेटावर, कित्येक पिढ्यांच्या श्रमांतून, एवढेच क्षेत्र दगडी शेतीखाली आले. हे तंत्र मुळातच निवडक जागी, हाताने खणून, कंदवर्गीय पिकांसाठी वापरले गेले. म्हणून रोपवाटिकेने शाळू, हरभरा किंवा उसासाठी आच्छादनाची शिफारस करू नये. ज्या रानात कुळव किंवा रोटाव्हेटर फिरायचा आहे तेथे दगड म्हणजे निव्वळ अडथळा आहे. खोल काळ्या जमिनीतही ते घालू नये. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांत दगड जातात आणि आच्छादन विस्कटते. मुरमाड, उथळ, निचऱ्याच्या जमिनीवरची डाळिंब, सीताफळ, बोर, लिंबू यांची झाडे हीच या कामाची खरी जागा.

परसातला गोल गडगा मात्र मला सर्वांत जास्त आवडला. रापा नुईवर अशा गोल दगडी कुंपणांना मानावाई म्हणतात. बेटावर ती दोन हजारांहून अधिक नोंदली गेली आहेत; काही एकेकटी, काही मधाच्या पोळ्यासारखी एकमेकांना जोडलेली. उघड्या माळावर वाऱ्यापुढे न टिकणारी केळी, ऊस, अळू आणि सालीपासून वस्त्र करण्याचे झाड, यांची लागवड त्यांच्या आत होई. आमच्याकडे रचलेला गडगा छातीएवढ्या उंचीचा आणि आतून सुमारे दोन माणसे आडवी झोपतील एवढ्या व्यासाचा आहे. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा हातभर खोल घेतली आहे. चुना नाही, सिमेंट नाही. कारागीर प्रत्येक दगड उचलून फिरवून पाहत, त्याचे सपाट अंग खाली घेत आणि बसवल्यावर तळव्याने दाबून डुगडुगतो का ते तपासत. डुगडुगला तर बारीक कपचा शोधून फटीत ठोकत. भिंत किंचित आत झुकलेली आहे, त्यामुळे ती स्वतःच्याच वजनाने घट्ट बसते. जत आणि कवठेमहांकाळच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहाव्यात इतका आपल्याकडे वारा आहे, आणि त्या वाऱ्याने उघड्यावरच्या केळीच्या पानांच्या चिंधड्या होतात. गडग्याच्या आतल्या केळीची पाने अखंड राहिली आहेत, तिच्या बुडाशी लावलेले अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर टवटवीत आहे आणि कडेने लावलेल्या हळदीनेही चांगला फुटवा धरला आहे. ताली घालणाऱ्या हातांचे हे कसब आपल्या गावांतून हळूहळू चालले आहे. या सेवेमुळे त्याला काम आणि योग्य मजुरी मिळत असेल, तर तेवढ्यासाठीही ती टिकावी असे मला वाटते.

एक धोका मात्र रोपवाटिकेने गिऱ्हाईकांना सांगितलाच पाहिजे आणि सध्या तो सांगितला जात नाही. रापा नुईवर जमिनीवरचे साप नाहीत. आपल्या माळावर दगडाखाली विंचू असतो आणि फुरसेही असते. तण काढायला, ड्रिपर पाहायला किंवा कंद खणायला उघड्या हाताने दगड उचलण्याची सवय घरातल्या बायका-मुलांना लागू देऊ नये. दगड खुरप्याच्या टोकाने आधी आपल्या दिशेने उलटावा, म्हणजे खालचे जनावर पलीकडे निघून जाते. हातात जाड मोजे आणि पायात बंद पादत्राणे असावीत. आणि गडग्याच्या फटी घराच्या भिंतीपासून दूरच राहतील अशी जागा निवडावी. फुरसे चावल्यास वेळ न दवडता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते, हे कारागिरांनाही ठाऊक असायला हवे.

कामाची वेळ हा शेवटचा मुद्दा. रोपवाटिका बहुतेक कामे एप्रिल-मे महिन्यांत घेते, कारण तेव्हा मजूर मोकळे असतात. पण आच्छादन जमिनीत ओल निर्माण करीत नाही, असलेली ओल राखते. आपल्याकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात आणि परतीच्या सरींत पडतो. त्या पावसाने जमीन पोटभर भिजल्यावर, वाफसा आला की लगेच दगड पसरले तर पुढचा सगळा हिवाळा त्या ओलीचा फायदा मिळतो. आम्ही उरलेल्या झाडांचे काम ऑक्टोबरासाठी ठरवले आहे, दगड आमचाच देणार आहोत, आणि नळी दगडांच्या वर राहील व थराखाली शेणखत पडेल, या दोन अटी पावतीवर लिहून घेतल्या आहेत. इतरांनीही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी निदान एवढे लिहून घ्यावे.